पृथ्वीवर डांबलेला डॉक्टर

सोमवार, रात्री उशिरा

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा सातवा सीझन, म्हणजे १९७० सालचा, पुन्हा पाहायला घेतला आहे. मालिका लिहून पोट भरणाऱ्या माणसाला दुसऱ्याची मालिका निवांतपणे पाहणे तसे अवघडच जाते. प्रसंग कितीही रंगात आला तरी हा सेट आधी कुठे वापरला होता, हे पात्र मधल्या दोन भागांत का दिसले नाही, कलाकाराच्या तारखा नव्हत्या की काय, असले हिशेब डोक्यात सुरूच राहतात. या सीझनपुरती मात्र ती खोड उपयोगी पडते, कारण त्याचे कथानक मुळात हिशेबातूनच जन्माला आले आहे.

२३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झालेली ही मालिका पुढची सहा वर्षे कृष्णधवल होती आणि वर्षातला बराचसा काळ दर शनिवारी दिसत असे. एकट्या सहाव्या सीझनचे ४४ भाग झाले. काही आठवड्यांनी कथा बदलली की नवा ग्रह आणि नवे परग्रहवासी, म्हणजेच नवे नेपथ्य, नवे मुखवटे, नवी वेशभूषा; आणि एवढे करूनही १९६९पर्यंत प्रेक्षक ओसरू लागले होते. मालिका थांबवून तिच्या जागी दुसरे काही आणावे, असाही विचार बीबीसीत झाला होता. त्यातच रंगीत प्रक्षेपण तोंडावर आले. बीबीसी वनवर ते १५ नोव्हेंबर १९६९ला सुरू झाले. रंग आला की खर्च वाढतो, हे वेगळे सांगायला नको. कृष्णधवल चित्रात दगड म्हणून खपून जाणारा पुठ्ठा रंगीत चित्रात पुठ्ठाच दिसतो. पीटर ब्रायंट आणि डेरिक शेरविन या निर्मात्यांनी तोडगा काढला तो असा, की वर्षाला २५च भाग करायचे, त्यांत चारच कथा बसवायच्या आणि त्या सगळ्या पृथ्वीवर, जवळपास आजच्याच काळात घडवायच्या. रस्ते, कारखाने आणि इस्पितळे आयती मिळतात, ती कोणाला बांधावी लागत नाहीत.

काळ आणि अवकाश यांत कुठेही जाऊ शकणारा डॉक्टर हा नायक, आणि खर्च परवडत नाही म्हणून त्याच्याच यानाला कुलूप. हे प्रेक्षकांच्या गळी कसे उतरवायचे, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर सहाव्या सीझनच्या शेवटच्या कथेत आहे. ‘द वॉर गेम्स’ या दहा भागांच्या कथेत निरनिराळ्या युद्धांतून पळवून आणलेले हजारो सैनिक आहेत आणि त्यांना आपापल्या काळात घरी पोचवणे डॉक्टरच्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्यांच्यापासून तो पळून आला, त्या आपल्याच जमातीच्या टाइम लॉर्डांना त्याला स्वतः होऊन हाक मारावी लागते. ते येतात, सैनिकांना घरी पोचवतात, आणि मग दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसल्याबद्दल डॉक्टरवरच खटला चालवून त्याला चेहरा बदलून पृथ्वीवर हद्दपार करतात. जमाखर्चाच्या वहीतील काटकसर कथेत न्यायालयाची शिक्षा होऊन आली. तोवर डॉक्टर साकारणारे पॅट्रिक ट्रॉटन यांना भूमिका सोडायची होती, तेही त्याच शिक्षेत भागले. आमच्याकडे कलाकार मालिका सोडून गेला की त्याचे पात्र अपघातात सापडते आणि पट्ट्या सुटल्यावर वेगळाच चेहरा घेऊन घरी येते, आणि प्रेक्षक आम्हाला हसतात ते रास्तच आहे. इथे हसू येत नाही, कारण शिक्षा नायकाच्या चांगुलपणातूनच त्याच्यावर ओढवते.

बुधवार

आज ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ चारही भाग सलग पाहिले. ३ जानेवारी १९७०ला यातला पहिला भाग दाखवला गेला आणि मालिका रंगीत झाली. नवे डॉक्टर होते जॉन पर्टवी, ज्यांना ब्रिटिश श्रोते रेडिओवरचे विनोदी नट म्हणून ओळखत होते.

त्या काळची पद्धत अशी होती, की आठवडाभर तालीम करायची, मग स्टुडिओत तीन-चार व्हिडिओ कॅमेरे लावून संपूर्ण भाग एका संध्याकाळी जवळजवळ नाटकासारखा ध्वनिचित्रमुद्रित करायचा, आणि बाहेरची दृश्ये तेवढी १६ मिमी फिल्मवर आधीच चित्रित करून त्यात जोडायची. त्यामुळे पात्र दारातून अंगणात आले की चित्राचा पोतच बदलतो आणि ते डोळ्यांना खटकत राहते. या कथेच्या वेळी नेमका टेलिव्हिजन सेंटरच्या स्टुडिओत संप झाला. स्टुडिओच नाही म्हटल्यावर शेरविन यांनी संपूर्ण कथा फिल्मवर आणि खऱ्या जागी चित्रित करण्याची परवानगी मिळवली. वुस्टरशायरमध्ये ईव्हशॅमजवळ वुड नॉर्टन येथे बीबीसीचे अभियंत्यांचे प्रशिक्षण केंद्र होते. तिथल्या खोल्या आणि बोळ इस्पितळ म्हणून वापरले गेले. खऱ्या भिंतींमुळे कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून चौकटी अरुंद झाल्या, माणसे दाटीवाटीने उभी राहिली, आणि त्या अडचणीतून जो कोंडलेपणा आला तो कथेला फारच मानवला. पुढे २०१३ साली ही कथा ब्लू-रेवर आली तेव्हा १९६३ ते १९८९ या काळातली उच्च रिझोल्यूशनमध्ये नव्याने काढता येण्याजोगी ही एकमेव संपूर्ण कथा ठरली, कारण व्हिडिओ टेपवरचे चित्र ६२५ रेषांतच अडकलेले असते, तर फिल्म पुन्हा स्कॅन करता येते.

दुकानाच्या काचेमागचे पुतळे जिवंत होतात तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. पहाटेची वेळ, लंडनच्या ईलिंग भागातला रिकामा रस्ता, बसच्या रांगेत उभी असलेली माणसे. नीटनेटके कपडे घातलेले पुतळे आधी किंचित मान वळवतात, मग पाऊल उचलतात, मग हात पुढे करतात, आणि तेवढ्यात दृश्य बदलते. काच फुटल्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो, मात्र काच फुटताना दिसत नाही, कारण दुकानाची काच खरोखर फोडणे परवडण्यासारखे नव्हते. पुढच्या दृश्यात पुतळे रस्त्यावर आलेले असतात. २००५ साली मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा पहिल्याच भागात हा प्रसंग पुन्हा योजला गेला आणि त्या वेळी काच खरोखर फोडली. मला मात्र जुनाच अधिक भितीदायक वाटतो, आणि हे मी जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. ज्या क्षणी माणूस डोळे मिटून घेईल नेमका तोच क्षण तिथे गाळलेला आहे.

शुक्रवार

या सीझनबद्दल लिहावेसे वाटले ते खरे तर माल्कम हल्क यांच्यामुळे. ते जुने, अनुभवी लेखक; पटकथा-संपादक टेरन्स डिक्स यांना टीव्हीच्या लेखनात त्यांनीच आणलेले. ‘द वॉर गेम्स’ या दोघांनी मिळून लिहिली होती, म्हणजे डॉक्टरला पृथ्वीवर डांबणारी शिक्षा ज्यांनी कागदावर उतरवली त्यांत हल्कही होते. डिक्स यांनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे, की नवी रचना ऐकल्यावर हल्क म्हणाले, आता तुमच्याकडे दोनच कथा उरल्या: बाहेरून कोणीतरी आक्रमण करणार, नाहीतर एखादा माथेफिरू शास्त्रज्ञ निघणार.

वाहिनीच्या बैठकांतून अशा अटी मीही ऐकलेल्या आहेत. यापुढे बाहेरचे चित्रीकरण नाही, एका भागात इतकीच पात्रे, सेट दोनच. माना डोलतात, चहा येतो, आणि ती अट गोष्टीचे काय करणार आहे हे कोणी मोठ्याने बोलत नाही. मग तीन महिन्यांनी एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या भागांचा साठा, आटते आणि लेखकाला विचारले जाते की कथानकाचा ट्रॅक फिरतोय का. हल्क यांचे वाक्य मला मोलाचे वाटते ते त्यामुळे. खर्च कमी केल्याबद्दल ते कुरकुरले नाहीत; ती काटकसर कथेच्या कोणत्या अंगाला भिडणार, तेवढेच त्यांनी बोट ठेवून दाखवले. डिक्स यांना ते मनात मान्यच होते, आणि मग त्यांनी तिसरी शक्यता शोधायला घेतली: परके लोक बाहेरून येण्याऐवजी आधीपासून इथेच असले तर? ती कथा लिहिण्याचे काम अर्थातच हल्क यांच्याच गळ्यात पडले.

‘डॉक्टर हू अँड द सिल्युरियन्स’चे सात भाग ३१ जानेवारी ते १४ मार्च १९७० या काळात दाखवले गेले. वेन्ली मूर येथे गुहांमध्ये अणुसंशोधन केंद्र आहे, आणि त्याच्या खाली माणसाच्या आधी पृथ्वीवर राज्य करणारी सरपटणाऱ्या बुद्धिमान प्राण्यांची जमात दीर्घ निद्रेत आहे. ते जागे होतात, आणि त्यांच्या दृष्टीने आक्रमक आपण आहोत. त्यांच्या घरात माकडांची प्रजा माजली आहे, एवढेच त्यांना दिसते. त्यांच्यातला म्हातारा प्रमुख बोलणी करायला तयार होतो, तरुण सिल्युरियनला ते मान्य नसते आणि तो म्हाताऱ्याला ठार करतो. माणसांच्या बाजूलाही भित्रे, महत्त्वाकांक्षी आणि समंजस असे सगळे आहेत. मधे साथीचा रोग सोडला जातो. मॅरिलबोन स्टेशनवर माणसे चालता चालता कोसळतात, आणि तो भाग आज पाहताना २०२० आठवल्याशिवाय राहत नाही.

शेवट तर त्या वेळच्या कौटुंबिक मालिकेत कसा संमत झाला, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. सिल्युरियन पुन्हा निद्रेत गेलेले असतात, त्यांना एकेक करून उठवून समजुतीने काही करता येईल अशी डॉक्टरला आशा असते, आणि तो मोटारीतून निघालेला असताना डोंगराकडून स्फोट ऐकू येतात. ब्रिगेडियरने, म्हणजे गेल्या कथेपासून ज्याच्यासोबत तो काम करतो त्या त्याच्या मित्राने, वरून आलेल्या हुकमाप्रमाणे गुहा उडवून दिलेल्या असतात. डॉक्टर याला सरळ हत्या म्हणतो. यानाला कुलूप असल्यामुळे त्याला निघून जाता येत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आधीच्या सहा वर्षांत कथा संपली की तो टार्डिस या आपल्या यानात बसून नाहीसा होत असे आणि मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले ते बघायला थांबत नसे. आता त्याला सोमवारी पुन्हा त्याच ब्रिगेडियरच्या कचेरीत जायचे आहे. हद्दपारीची अट घालताना हे कोणाच्या मनात होते असे वाटत नाही. हल्क यांनी ते तिच्यातून काढून घेतले.

(सिल्युरियन हे नाव भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने साफ चुकीचे आहे, कारण त्या कालखंडात सरपटणारे प्राणी नव्हतेच. प्रेक्षकांनी ते दाखवून दिले आणि १९७२ साली हल्क यांनीच लिहिलेल्या पुढच्या कथेत डॉक्टरच्या तोंडी त्याची दुरुस्ती आली. पण ‘इओसीन’ हे दुरुस्त नावही चुकीचेच आहे.)

रविवार

उरलेल्या दोन कथांपैकी ‘द अँबॅसडर्स ऑफ डेथ’ माझ्या लेखी विस्कळीत आहे. डेव्हिड व्हिटेकर यांची पटकथा जमेना, तेव्हा ती पुष्कळशी पुन्हा लिहून काढली तीही हल्क यांनीच, आणि जोड दिसतात. तिचा एक योगायोग मात्र नोंदवण्याजोगा आहे. मंगळाहून परतणारे अंतराळवीर यानात अडकल्याची ही कथा चालू असताना, ११ एप्रिल १९७० या शनिवारी, तिचा चौथा भाग आणि अपोलो १३चे उड्डाण एकाच दिवशी झाले. पाचवा भाग लागला त्याच्या आदल्या दिवशी ते तिघे खरे अंतराळवीर कसेबसे समुद्रात सुखरूप उतरले होते.

‘इन्फर्नो’ हा काटकसरीचा कळस आहे आणि सीझनमधली सर्वांत थरारक कथाही. पृथ्वीच्या कवचाला भोक पाडण्याचा प्रकल्प चालू आहे. अमेरिकेत मोहोल नावाचा तसाच प्रकल्प १९६६ साली गुंडाळला गेला होता, त्यावरून लेखक डॉन हॉटन यांना ही कल्पना सुचली. सात भागांना तेवढी सामग्री पुरणार नव्हती, म्हणून मधे डॉक्टर समांतर पृथ्वीवर जातो, जिथे ब्रिटनमध्ये हुकूमशाही आहे. म्हणजे सेट तेच, कलाकार तेच, फक्त गणवेश आणि स्वभाव वेगळे. ब्रिगेडियर झालेले निकोलस कोर्टनी यांना तिथे मिशा नाहीत आणि एका डोळ्यावर काळी पट्टी आहे. एका चित्रीकरणात ते खुर्ची गर्रकन फिरवून समोर पाहतात तो सगळ्या नटांनी डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या, आणि तरी ते न हसता संवाद म्हणत राहिले, हा किस्सा त्यांनी आयुष्यभर सांगितला. दिग्दर्शक डग्लस कॅमफील्ड मध्येच आजारी पडले, तेव्हा उरलेले काम त्यांच्याच आराखड्यावरून, तोवर निर्माते झालेले बॅरी लेट्स यांनी श्रेयनामावलीत नाव न घालता पुरे केले. ती समांतर पृथ्वी लाव्हात बुडून नष्ट होते आणि डॉक्टर तिला वाचवू शकत नाही. लेखकाला दुसरी पृथ्वी मिळाली की तो ती बेधडक बुडवू शकतो, ही सोय कोणत्याही बजेटमध्ये बसते.

सीझन संपला तशा काही गोष्टी मुकाट्याने मागे घेतल्या गेल्या. कॅरोलाइन जॉन यांनी साकारलेली शास्त्रज्ञ लिझ शॉ पुढच्या वर्षी दिसली नाही. डॉक्टरला प्रश्न विचारणारे कोणी हवे आणि हिला तर उत्तरे आधीच माहीत, असे लेट्स यांचे म्हणणे होते. तांत्रिक सोय म्हणून ते मला पटते, पण तिच्या जाण्याने प्रयोगशाळेतली दोन समान माणसांची बोलणी गेली ती गेलीच. हद्दपारीही सैल झाली: टाइम लॉर्डांना गरज पडेल तेव्हा ते डॉक्टरला कुठेही पाठवू लागले. पृथ्वी सोडून परग्रहावर नेणारी पहिली कथा, ‘कॉलनी इन स्पेस’, १९७१ साली आली. ती हल्क यांनी लिहिली, आणि तो परग्रह कॉर्नवॉलमधल्या एका चिनी मातीच्या खाणीत, चिखल तुडवत चित्रित झाला.