उजवा हात, मग डावा

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला मी फोन उचलत नाही ही माझ्या पुण्याच्या बहिणीची जुनी तक्रार आहे. तिची शनिवार सकाळ म्हणजे आमची सिअ‍ॅटलकडची शुक्रवार संध्याकाळ, आणि शुक्रवारी संध्याकाळी मी स्क्वेअर डान्सला असते. हे तिला सांगून झालंय, पण दर वेळी ती म्हणते "म्हणजे दांडियाच ना गं". नाही गं बाई! दांडियात टिपरी टिपरीला लागते, इथे हाताला हात लागतो, आणि तोही कुणाचा तर ज्याचं नाव त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर वाचावं लागतं अशा माणसाचा.

मला खरं तर या हातांबद्दलच लिहायचंय. इथे येऊन इतकी वर्षं झाली, शेजारी चांगले आहेत, बर्फ पडला की आमचाही ड्राइव्हवे साफ करून जातात, पण कुणी कुणाला हात लावत नाही. आपल्याकडे भाजीवाली सुट्टे पैसे हातावर ठेवते, लोकलमध्ये अर्धं शरीर दुसऱ्याच्या अंगावर असतं, बोलता बोलता मैत्रीण मांडीवर चापट मारते. इथे कोपर लागलं तरी सॉरी. आणि त्याच गावात आठवड्यातून एकदा तीसेक माणसं जमतात आणि दोन तास एकमेकांचे हात धरून चालतात, कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र वाटतं.

जागा म्हणजे ग्रेंजचा हॉल. ग्रेंज ही शेतकऱ्यांची संघटना, 1867 सालची, आणि या भागात आता शेतं कमी आणि सॉफ्टवेअरवाले जास्त असले तरी तिचे हॉल टिकून आहेत. लाकडी जमीन, एका टोकाला छोटं स्टेज, मागे किचन, बाहेर बहुतेक वेळा पाऊस. स्क्वेअर डान्स हा वॉशिंग्टन राज्याचा अधिकृत नाच आहे, 1979 पासून. बऱ्याच राज्यांनी असंच केलंय. इथल्या तरुण मुलांना हे सांगितलं तर ती हसतात. शाळेच्या जिममध्ये जबरदस्तीने शिकवलेला नाच एवढीच त्यांची आठवण.

नाचाचा हिशोब सोपा आहे. आठ माणसं, चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना एकेक. बाईच्या डाव्या हाताला तिचा पार्टनर आणि उजव्या हाताला शेजारच्या जोडीतला माणूस, म्हणजे तिचा कॉर्नर. स्टेजवर माइक घेऊन कॉलर उभा असतो, तो म्हणेल ते करायचं, तो म्हणेपर्यंत काही करायचं नाही. पाठ केलेला क्रम असा नसतोच. पुढे काय येणार हे कुणालाच माहीत नसतं. आधी वाटलं हे कसं जमणार, आता वाटतं दिवसभर ऑफिसात मीच सगळ्यांना पुढचं सांगत असते, दोन तास दुसरं कुणी सांगतंय तर काय वाईट.

तर तो म्हणतो "अ‍ॅलेमांड लेफ्ट". कॉर्नरकडे वळायचं, डाव्या हाताने त्याचा हात मनगटाच्या वर धरायचा, तोही तसाच धरतो, एक फेरी, की आपल्या पार्टनरला उजवा हात, आणि सुरू होतं राइट अँड लेफ्ट ग्रँड. बाया एका दिशेने, पुरुष उलट्या. उजवा हात पार्टनरचा, ओढून पुढे. डावा हात पुढच्याचा, ओढून पुढे. मग उजवा, मग डावा, आणि समोर परत आपलाच पार्टनर. चार हात, आणि प्रत्येक हाताला मिळतात जेमतेम दोन पावलं. पण तेवढ्यात काय काय कळतं! एक हात निवृत्त सुताराचा, जाड, बोटाचं एक पेर कमी, अगदी हलकं धरतो. दुसरा कायम बर्फासारखा गार, त्या बाई (पुरुष कमी पडतात म्हणून त्या पुरुषांच्या बाजूने नाचतात) दर वेळी डोळ्यांनीच सॉरी म्हणतात. तिसरा चौदा वर्षांच्या मुलाचा, घामेजलेला, पकडायच्या आधीच सुटलेला, आजीबरोबर येतो बिचारा. आणि चौथा आमच्या पार्टनरचा, ऐंशीच्या पुढचे आजोबा, हात थरथरतो, पण उजवा की डावा यात त्यांची चूक मी अजून पाहिलेली नाही. एक गृहस्थ असेही आहेत की हात धरत नाहीत, खेचतात. खांदा दुखतो नंतर. त्यांच्या चौकोनात जायची वेळ आली की मला अचानक पाणी प्यायची आठवण होते.

कॉलरचं काम किती अवघड आहे हे बरेच दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं तो कागदावरून वाचतोय. तर नाही. चांगले कॉलर समोर बघून रचतात. एखाद्या चौकोनातल्या एकदोन जोड्या ते डोक्यात धरून ठेवतात, कोण कुणाची पार्टनर, कुणाचा कॉर्नर कोण, आणि मग मुद्दाम सगळ्यांना इतकं कालवतात की आपण हॉलच्या कुठल्या भिंतीकडे तोंड करून उभे आहोत हे आपल्याला कळत नाही. समोरासमोरचे नाचणारे एकच गोष्ट करत असतात, त्यामुळे त्या धरलेल्या जोड्या जागेवर आणल्या की बाकीच्याही आपोआप येतात. हे सगळं ठेका न चुकवता, मध्ये एखादा पाचकळ विनोद मारून. आणि मग ऐन गोंधळात तो म्हणतो "अ‍ॅलेमांड लेफ्ट", आणि वळून बघावं तर तिथे खरंच आपला कॉर्नर उभा! मी कोडिंगवाली बाई आहे, मला यात जो आनंद होतो तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही.

चौकोन मोडतोही. एखादी डावीऐवजी उजवीकडे जाते, तिच्यामागे दुसरा, आणि चार सेकंदांत आठ माणसं आठ दिशांना तोंडं करून उभी. यावर इलाज असा की भांडत बसायचं नाही, चूक कुणाची ते शोधायचं नाही, सगळ्यांनी गुपचूप आपापल्या मूळ जागी जायचं, जोडीने उभं राहायचं आणि पुढची सोपी हाक आली की परत घुसायचं. नव्या लोकांसाठी प्रत्येक चौकोनात एकदोन जाणती माणसं मुद्दाम उभी राहतात, त्यांना एंजल म्हणतात. एंजलने बोलून शिकवायचं नसतं, कारण मग कॉलर ऐकू येत नाही. फक्त हात पुढे करायचा. योग्य जागी योग्य वेळी हात दिसला की पाय बरोबर पडतात. मेनस्ट्रीम नावाची जी पातळी आहे तिथपर्यंत 70 च्या आसपास हाका शिकायच्या असतात. कॉलर लोकांची कॉलरलॅब नावाची संस्था आहे, 1974 पासूनची, तिने याद्या ठरवून दिल्यात, आणि जर्मनीत काय जपानमध्ये काय हाका इंग्रजीतच देतात, त्यामुळे हे शिकलेला माणूस तिथल्या क्लबातही जाऊन उभा राहू शकतो.

नाचाच्या एका भागाला टिप म्हणतात, त्यात आधी नुसत्या ठेक्यावर डोक्याला ताप देणारी हाकाहाकी आणि मग गाणं. गाण्यात कॉलर कडव्यांच्या जागी हाका घालतो आणि धृपद खरं म्हणतो. 64 ठेक्यांचा एक तुकडा, असे सात. त्यातल्या चार तुकड्यांत पार्टनर बदलतो, कॉर्नर पार्टनर होतो, आणि चौथ्याच्या शेवटी परत आपला तो आपल्याला. यात पुरुष आपल्याच घरी, म्हणजे मूळ जागी, राहतात आणि बाया घरं बदलत जातात. मी एकदा म्हटलं की इथेही हेच का, तर आजोबा म्हणाले, पुरुषांना दुसऱ्या घरी पाठवलं तर ते सापडणार नाहीत.

मधल्या सुट्टीत खाणं. कुकीज, गाजराचे तुकडे, कॉफी. दारू नाही, नाचाआधी कुणी घ्यायची नाही हा जुना दंडक, आणि दारातच पुदिन्याच्या गोळ्यांचा वाडगा, सात माणसांच्या तोंडाजवळ जायचं असतं म्हणून. मी पातळ पोह्यांचा चिवडा नेते. पहिल्यांदा नेला तेव्हा आयोजक बाईंनी शेंगदाण्यांची चिठ्ठी लावायला लावली, ते बरोबरच होतं, पण मग लोक तो चिमटीने एकेक पोहा उचलून खायला लागले ते मला बघवेना. शेवटी बकाणा कसा मारायचा ते करून दाखवलं. आता डबा सुट्टीच्या आधीच संपतो, कढीपत्ता मात्र काढून ठेवतात.

कपड्यांची सक्ती आता राहिलेली नाही, मी जीन्सवर जाते. पण काही आज्या अजून तो फुगीर परकराचा घेर घालतात, कारमध्ये मागची अख्खी सीट त्या परकराला लागते.

हा सगळा काऊबॉय, गळ्यात दोरीसारखा बोलो टाय, गोऱ्या शेतकऱ्यांचा जुना वारसा असा जो देखावा आहे तो बघताना एक गोष्ट मनात येते. 1920 च्या दशकात मोटारवाल्या हेन्री फोर्डने या जुन्या नाचांवर भरपूर पैसा लावला, शाळांमधून शिकवायला लावले, कारण त्याला जॅझ खुपत होता, त्यात त्याला काळ्यांचा आणि ज्यूंचा हात दिसायचा. आणि गंमत अशी की नाच चालू असताना हाका द्यायची जी पद्धत, तिच्या सुरुवातीच्या नोंदी सापडतात त्या काळ्या वादकांच्या, गुलामगिरीच्या काळात गोऱ्यांच्या नाचाला फिडल वाजवत हाका देणाऱ्यांच्या. त्या हॉलमध्ये मी सावळी बाई चिवडा घेऊन जाते, आणि कुणी वाईट वागलेलं नाही, पण भिंतीवरचे जुने फोटो बघताना हे आठवतं खरं.

2020 मध्ये सगळं बंद पडलं. हात धरणं हाच ज्याचा पाया तो नाच तेव्हा कसा चालणार? उघडल्यावर काही जण आले नाहीत, काही आता नाहीतच. नवीन लोक यावेत म्हणून क्लब धडपडतोय, पहिले धडे फुकट वगैरे.

तर सध्याची भानगड अशी की शेजारच्या गावच्या क्लबातले आठ जण पाहुणे म्हणून आले, छान नाचले, माझा चिवडा खाल्ला आणि जाताना आमचा बॅनर घेऊन गेले. ही चोरी रीतसर असते, पूर्ण चौकोन घेऊन आलात तर यजमानांचा बॅनर न्यायचा, मग त्यांनी तो सोडवायला तुमच्याकडे नाचायला यायचं, तेवढंच येणंजाणं. त्यामुळे आता आम्हाला आठ जण हवेत. आजोबा रात्री गाडी चालवत नाहीत, त्यांना मी नेणार. सुतारकाका येतायत, गार हातवाल्या बाई येतायत, मुलाची परीक्षा आहे पण तो येणार म्हणतोय, बाकीचे धरून असे सात झाले. आठवे म्हणून ते खेचणारे गृहस्थ तयार आहेत, त्यांनी स्वतःहून दोनदा विचारलंय. मी नवऱ्याला मूलभूत हाका शिकवायला घेतलंय, सोफा भिंतीला लावून, जेवणाच्या तीन खुर्च्या बाकीच्या जोड्या म्हणून मांडून. त्याला अजून उजवा-डावा कळत नाही, पण हात चांगला धरतो.