लॅब होती, स्क्रॅच होतं, फक्त मुलांचं काम टिकत नव्हतं (माझा अनुभव)

सगळ्यात आधी एकच सांगते, शाळेच्या लॅबमध्ये मुलांना काही बनवायला देणार असाल तर पहिल्याच दिवशी एक रिकामी फाइल सेव्ह करा, मशीन बंद करून परत चालू करा आणि फाइल जागेवर आहे का ते बघा. मी हे केलं नाही आणि त्यात माझ्या मुलांचे जवळजवळ अडीच महिने गेले.

मी भांडुपला एका अनुदानित मराठी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. लॅबमध्ये 12 मशीन आहेत. आठवड्यातून एक तास, त्यात मुलांनी पेंटमध्ये घर काढायचं, वर्डमध्ये स्वतःचं नाव टाइप करायचं, तास संपला की रांगेत बाहेर. हीच मुलं घरी मोबाईलवर तासन् तास रील्स बघतात, गेम खेळतात आणि आपण सगळे म्हणतो आजच्या मुलांना सगळं येतं. अहो पण येतं म्हणजे काय? एखाद्याला इंग्रजी वाचता आलं पण स्वतःची चार वाक्यं लिहिता आली नाहीत तर त्याला इंग्रजी येतं म्हणाल का तुम्ही? स्क्रॅच (मुलांसाठीचं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या एमआयटी मीडिया लॅबमधले मिचेल रेझनिक हेच सांगत आलेत, की नुसतं बघणं, शोधणं, चॅट करणं म्हणजे डिजिटल भाषा येणं नाही, त्यात स्वतः काही रचता आलं पाहिजे. आणि त्यांच्याही आधी 1967 साली सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा बनवली, ती मुलांनी कॉम्प्युटरला शिकवावं म्हणूनच, उलटं नाही. मला हे पटलं कारण मी स्वतः एमएस-सीआयटी केलेली आहे, वर्ड-एक्सेल व्यवस्थित येतं, पण त्या मशीनवर माझं असं काहीतरी मी पहिल्यांदा बनवलं ते मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, स्क्रॅचमध्ये, आणि तो आनंद मला वर्गात न्यायचाच होता.

स्क्रॅच ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 2007 पासून आहे, फुकट आहे, रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्राम करायचा. नेट नसलं तरी चालणारं ॲप मिळतं, त्याला विंडोज 10 लागतं. आमच्या चार मशीनवर विंडोज 7 आहे म्हणून आठच हाताशी राहिली, एका मशीनवर तीन मुलं. मुख्याध्यापक सरांनी एका शब्दात हो म्हटलं, माझ्या पेनड्राइव्हला तेवढी परवानगी दिली (लॅबमध्ये पेनड्राइव्हला बंदी आहे, व्हायरस येतो म्हणून) आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सुरू केलं.

पहिल्याच तासाला सातवीतल्या एका मुलीने भांडुप स्टेशन काढलं. तिला दोन गाड्या हव्या होत्या, एक स्लो जी थांबते आणि एक फास्ट जी न थांबता धडधडत जाते. स्क्रॅचचा पडदा 480 बाय 360 चा असतो, मधोमध शून्य, उजवीकडे 240 आणि डावीकडे उणे 240. मी पूर्णांक संख्या शिकवताना संख्यारेषा फळ्यावर शंभरदा काढली असेल, पण "बाई, गाडी डावीकडे घालवायची तर उणे करावं लागतंय" हे ती स्वतःहून ओरडून म्हणाली. तास संपला, सगळ्यांनी सेव्ह केलं, नाव दिलं, मी स्वतः प्रत्येक मशीनवर फिरून बघितलं.

पुढच्या बुधवारी काहीच नाही. गाड्या नाहीत, फोल्डर नाही, स्क्रॅचसुद्धा नाही. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली, रडली नाही पण त्या तासाला तिने माउसला हात लावला नाही.

शिपाईकाकांनी सांगितलं तेव्हा कळलं, या मशीनवर असं एक सॉफ्टवेअर टाकलेलं आहे की रिस्टार्ट केलं की सगळं होतं तसं होतं. मशीन खराब होऊ नये म्हणून. ते उघडायचा पासवर्ड आमच्या शाळेत कुणाकडेच नव्हता, लॅब बसवून देणाऱ्या ठेकेदाराकडे होता आणि त्याच्याशी व्यवहार सगळा संस्थेच्या मुख्य कार्यालयातून.

आता इथून पुढे जे झालं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी अर्ज लिहिला, संरक्षण सॉफ्टवेअर काढून टाकावं अशी विनंती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणायचं म्हटलंय तेही लिहिलं. शनिवारी शाळा सुटल्यावर स्लो पकडून कार्यालयात गेले. तिथले बाबू म्हणाले अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पाहिजे, जावक क्रमांक टाकून. बरोबर आहे, परत आले, सरांची सही घेतली, पुढच्या शनिवारी परत गेले. तर साहेब मीटिंगला. ठेवून जा म्हणाले, ठेवून आले. (इथे मी चुकले, पोच घेतली नाही. तुम्ही कितीही घाईत असा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.) तीन आठवड्यांनी गेले तर असा अर्ज आलेलाच नाही. परत दिला. मग विचारणा झाली की ही मशीन जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंद, डेड स्टॉक) आहेत, सॉफ्टवेअर काढलं आणि बिघडली तर जबाबदार कोण, बाईंनी हमीपत्र द्यावं. आठ मशीनचं हमीपत्र मी माझ्या पगारावर कसं देणार? मी म्हटलं मुलांचं काम दर आठवड्याला पुसलं जातंय त्याची जबाबदारी कुणाची, तर ते म्हणाले मॅडम, नोंदवहीत मशीन असतं, मुलांचं काम नसतं. रागावून नाही म्हणाले, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, आणि मला तेच जास्त लागलं.

मधल्या काळात मुलं थांबली नाहीत हे मात्र अभिमानाने सांगते. मी बुधवारी सातच्या शाळेला सव्वासहाला येऊन आठही मशीनवर परत स्क्रॅच टाकायचे. आणि मुलांनी प्रोग्राम वहीत उतरवायला सुरुवात केली, हिरवा झेंडा दाबल्यावर, एक्स 240 वर जा, शून्यापर्यंत ये, 5 सेकंद थांब, पुढे जा, असं ओळीने. पुढच्या तासाला वही उघडून पंधरा मिनिटांत गाडी परत उभी. काही जण मला म्हणाले बघा, यातून चांगलंच झालं की. नाही हो. 35 मिनिटांच्या तासातली पंधरा मिनिटं दर वेळी मागचंच उभं करण्यात जात होती. ज्यांना वेग नव्हता ती मुलं तिथेच अडकायची, आणि आवाज, चित्रं हे तर वहीत उतरवता येतच नाही.

सुटलं ते असं. ऑगस्टच्या शेवटी एका सीपीयूच्या बाजूला खाली वाकून वायर लावत होते तर ठेकेदाराचा जुना स्टिकर दिसला, फोन नंबरसकट. मधल्या सुट्टीत फोन लावला. त्या माणसाने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, मॅडम काढायचं कशाला? सी ड्राइव्ह बंदच राहू दे, विंडोज सुरक्षित राहील, फक्त डी ड्राइव्ह मोकळा करतो, मुलांचं काम तिथे ठेवा. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांचं पत्र तेवढं पाठवा. कार्यालयातून त्याला एकही पत्र गेलेलं नव्हतं! सरांनी जरा विचार केला पण सही दिली, गणपतीच्या तोंडावर त्याचा मुलगा आला आणि एका दुपारीत आठही मशीन झाली, स्क्रॅचही कायमचं टाकून दिलं. म्हणजे मी "काढून टाका" असं न लिहिता "डी ड्राइव्ह मोकळा करा, सी तसाच ठेवा" एवढं लिहिलं असतं तर हमीपत्राचा प्रश्नच आला नसता. तुमच्या अर्जात हेच वाक्य लिहा. आणि ठेकेदाराचा नंबर आधी शोधा.

आता सप्टेंबरपासून डी ड्राइव्हवर प्रत्येक गटाचं फोल्डर आहे, आणि काम टिकायला लागल्यावर मुलं मागच्या आठवड्याच्या कामात बदल करायला लागली, दुसऱ्या गटाची फाइल मागून घेऊन त्यात स्वतःचं घालायला लागली. एका गटाने पाचवीच्या मुलांसाठी अपूर्णांकांचा खेळ केला, प्रश्न मराठीत. मराठी टायपिंगचं म्हणाल तर अद्ययावत विंडोज 10 मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो, मोबाईलवर रोमनमध्ये लिहिणाऱ्या मुलांना तो लगेच जमतो. फक्त तोही सी ड्राइव्ह उघडा असतानाच लावून घ्या, नाहीतर रिस्टार्टला जातो.

हो, आवाजाचं राहिलं. आमच्या मशीनना माइक नाहीत, मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलं तर बऱ्याच फोनमध्ये फाइल एमफोरए होते आणि स्क्रॅच ती घेत नाही, एमपीथ्री किंवा वेव्ह करून घ्यावी लागते. त्या मुलीने घरून आईच्या फोनवर रेकॉर्ड करून आणलं होतं. आता तिची स्लो गाडी थांबते, तिच्याच आवाजात "पुढील स्टेशन नाहूर" येतं, आणि फास्टला आधी जाऊ द्यायचं म्हणून स्लोला सिग्नल देणारा संदेशाचा ठोकळा तिने स्वतः शोधून लावलाय. मागच्या बुधवारी मशीन चालू केल्याबरोबर तिने आधी फोल्डर उघडून गाडी आहे का ते बघितलं. होती.