तुंगनाथच्या वाटेवरचा मोनाल

उत्तराखंडातील चोपत्याहून तुंगनाथच्या मंदिराकडे चढणारी फरसबंद वाट मराठी ट्रेकर मंडळींच्या आता चांगलीच ओळखीची झाली आहे. मात्र पहाटे निघून चंद्रशिलेच्या शिखरावर सूर्योदय गाठण्याच्या घाईत वाटेलगतच्या बुग्यालावर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणावर, चरणारा मोनाल बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. तो उत्तराखंडचा राज्यपक्षी आहे, आणि ‘डांफे’ या नावाने नेपाळचा राष्ट्रीय पक्षीही.

नराच्या डोक्यावर मोराची आठवण करून देणारा हिरवा तुरा, मानेवर तांब्याची झळाळी आणि पाठीवर निळा-जांभळा रंग असतो. उतारावरून तो खाली झेपावला की पाठीचा एरवी झाकलेला पांढरा भाग आणि विटकरी शेपटी उठून दिसते. ही झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असल्यामुळे ढगाळ हवेत तोच पक्षी जवळजवळ काळा भासतो. पांढऱ्या गळ्याची तपकिरी मादी मात्र छायाचित्रांत क्वचितच दिसते, हे मला अन्यायाचे वाटते, कारण जमिनीवरच्या घरट्यात तीन ते पाच अंडी एकटी उबवते ती तीच.

मला स्वतःला रंगांहून त्याच्या चोचीचे अधिक कुतूहल आहे. वरची चोच लांब, बाकदार आणि खालच्या चोचीपुढे आलेली असल्याने तो कुदळीसारखी ती चालवून माती, प्रसंगी बर्फही उकरतो आणि कंद, मुळे, अळ्या बाहेर काढतो. त्याचा अधिवासही या खोदण्याशी जोडलेला आहे. उन्हाळ्यात तो वृक्षरेषेच्या वर, अगदी ४,५०० मीटरपर्यंतच्या गवताळ उतारांवर जातो. हिवाळ्यात उंचावर बर्फ साचला की ओक, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि देवदाराच्या जंगलांत, सुमारे २,००० मीटरपर्यंत उतरतो. म्हणूनच केवळ बुग्याल राखून भागत नाही, खालचे जंगलही टिकावे लागते.

हिमाचलात टोपीवर तुरा खोवण्यासाठी नरांची शिकार होत असे. १९८२ मध्ये तेथे शिकारीवर बंदी आली. आज उत्तराखंडात मे-जूनमध्ये, म्हणजे ऐन विणीच्या काळात, कीडाजडी (अळीवर वाढणारी औषधी बुरशी) वेचणाऱ्यांचे तंबू याच उंचीवर पडतात, आणि घरटे जमिनीवर असलेल्या पक्ष्यासाठी ही वर्दळ मला चिंतेची वाटते.

तुंगनाथला जाणार असाल तर उतारावरचे ताजे उकरलेले खड्डे पाहत सावकाश चाला. माती अजून ओलसर असेल, तर मोनाल बहुधा जवळपासच असतो.