643 भागिले 4

आमच्या सोसायटीतले एक काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे भागाकार पक्का. "पुणे ते गोवा 643 किलोमीटर, तुम्ही चौघं. म्हणजे माणशी 160. तेवढी सायकल तर तू एखाद्या रविवारीही मारतेस. मग यात एवढं काय?" डेक्कन क्लिफहँगर या पुणे-गोवा सायकल शर्यतीला चौघांच्या रिले टीममधून, म्हणजे आळीपाळीने सायकल चालवत, जाऊन आल्यापासून हा प्रश्न माहेरी, सासरी, ऑफिसात, सगळीकडे ऐकलाय. म्हणून आता एकदाचं सांगते.

160 सलग मिळाले असते तर हसत चालवले असते. पहाटे निघायचं, वाटेत मिसळ, संध्याकाळी घरी. रिलेत ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत येतात. जीव तोडून चालवा, उतरा, ओल्या जर्सीसकट गाडीत घुसा. मांडीवर कुणाचं तरी हेल्मेट, पायाशी उकडलेल्या बटाट्यांचा डबा. पाय आखडायला लागले, की तुमचा नंबर आलाच. पसरणी घाटात थंड पायांनी चढाला भिडले तेव्हा पिंडऱ्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच जाब विचारला.

बदलीही सोपी नाही. पुढचा सायकलस्वार रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून उभा. येणाऱ्याचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाशी आलं, की मगच त्याने निघायचं. रात्री मागे गाडी हवी, आणि तिच्या हेडलाइटच्या उजेडातच राहायचं. माझे दीर रात्रभर पंचवीसच्या वेगाने इनोव्हा चालवत होते. त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, खरं तर त्यांनाच विचारायला हवा. नोव्हेंबर म्हणजे कोल्हापूरकडे गळिताचे दिवस. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. आधी वास येतो, मग ट्रॉली दिसते.

(काकांच्या भागाकाराला मी एकदा नाशिकच्या महाजन बंधूंचं उदाहरण दिलं. हितेंद्र आणि महेंद्र, दोघेही डॉक्टर. 2015 मध्ये दोघांच्याच टीमने रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका, पूर्ण केली. सुमारे 4800 किलोमीटर, 8 दिवस 14 तास 55 मिनिटं. काका म्हणाले, "म्हणजे माणशी 2400." आता काय बोलणार!)

निपाणी सोडून तवंदी घाट लागायच्या आधी, रात्री दोनच्या सुमारास, माझी पाळी होती. मी गाडीत हेल्मेट घालून, बूट अडकवून तयार बसले होते. तशीच झोपले. दिरांनी दोन हाका मारल्या म्हणे. सायकलवर होता आमच्यातला सगळ्यात तरुण, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने खिडकीतून डोकावून पाहिलं, म्हणाला, "राहू दे मावशींना," आणि अख्खा घाट चढून गेला. जाग आली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला वाकून उलटी करत होता. मी काही बोलायच्या आत त्याने तोंड पुसत विचारलं, "झाली का झोप?" ओरडला असता तर बरं झालं असतं.

गोव्यात पोचल्यावर सगळ्यांनी आपापले सायकल-कॉम्प्युटर पाहिले. माझ्यावर 149 होते, त्याच्यावर 172. त्याने ते बटण दाबून शून्य केलं आणि शहाळं शोधायला निघून गेला.

तेव्हा काका, तुमचा भागाकार बरोबर आहे. फक्त माझे 160 झाले नव्हते.