क्यू कोणी सांभाळायचा?

मेसेज क्यू (कामांचे निरोप रांगेत ठेवणारी यंत्रणा) स्वतःच्या सर्व्हरवर चालवावा की क्लाउडवर आयता घ्यावा, हा वाद बहुतेक वेळा 'सेकंदाला किती मेसेज' या आकड्यावर अडतो. सेकंदाला दोनशे मेसेज दोन्हीकडे आरामात जातात. फरक कळतो तो कन्झ्युमर, म्हणजे क्यूतले मेसेज उचलून काम करणारा प्रोग्रॅम, बंद पडल्यावर.

समजा, याच वेगाने येणारा प्रत्येक मेसेज ४ केबीचा आहे आणि कन्झ्युमर रात्री ११ ला मेला. सकाळी ७ पर्यंत साधारण २३ जीबी माल साचतो. स्वतः चालवायच्या रॅबिटएमक्यूसारख्या क्यूत, तीन नोडच्या (सर्व्हरच्या) कोरम क्यूवर, तो तिन्ही नोडवर साचतो, कारण प्रत्येकाकडे स्वतंत्र प्रत असते. एका जरी नोडच्या डिस्कवरची मोकळी जागा मर्यादेखाली गेली की रॅबिटएमक्यू अख्ख्या क्लस्टरमधले पब्लिशर (मेसेज पाठवणारे प्रोग्रॅम) थोपवतो. मग वेब रिक्वेस्टमधूनच पब्लिश करत असाल तर ती रिक्वेस्ट लटकते. दुखणं क्यूचं, पण लोकांना बंद दिसते ती वेबसाइट. ही मर्यादा मुळात फक्त ५० एमबी असते, म्हणजे नसल्यातच जमा. ती काही जीबीवर न्या आणि डिस्क भरायची वाट न बघता क्यूच्या लांबीवर अलर्ट लावा.

अॅमेझॉन एसक्यूएस या क्लाउडवरच्या आयत्या क्यूत डिस्कची काळजी नाही, पण मेसेजला मुदत आहे: सेटिंग न बदलल्यास ४ दिवस, जास्तीत जास्त १४. मुदत संपली की मेसेज गुपचूप नाहीसा होतो. त्यात एक खोच आहे. साध्या क्यूतून डेड लेटर क्यूत (वारंवार फसलेले मेसेज बाजूला ठेवायच्या क्यूत) गेलेल्या मेसेजचं वय मूळ क्यूत शिरल्यापासूनच मोजलं जातं. दोन्हीकडे ४ दिवस ठेवले आणि मेसेज पहिल्या क्यूत ३ दिवस रखडला, तर चौकशीला उरतो एकच दिवस. डेड लेटर क्यूला सरळ १४ दिवस द्या.

एसक्यूएसचं बिल रिक्वेस्टवर येतं. पाठवणं, घेणं, काढून टाकणं अशा एका मेसेजमागे किमान तीन रिक्वेस्ट, बॅच केली तर कमी. रिकाम्या क्यूला विचारलेलंही मोजलं जातं. दर सेकंदाला विचारणारा एक कन्झ्युमर दिवसाला ८६,४०० रिक्वेस्ट करतो. २० सेकंदांचं लाँग पोलिंग (मेसेजची तेवढा वेळ वाट बघणारी रिक्वेस्ट) लावलं की ४,३२०.

आणखी एक नेहमीची चूक: एसक्यूएसचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज इतरांपासून लपवून ठेवायचा वेळ) मुळात ३० सेकंदांचा असतो. काम ४५ सेकंदांचं असेल तर पहिल्या कन्झ्युमरचं संपण्याआधीच दुसरा तोच मेसेज उचलतो. रॅबिटएमक्यूतही काम झाल्याची पोच देण्याआधी कनेक्शन तुटलं तर मेसेज परत येतो. म्हणून क्यू कुठलाही घ्या, तेच काम दोनदा झालं तरी बिघडू नये असा कोड लिहावाच लागतो.

माझं मत: रात्री फोन उचलणारे दोनच जण असतील तर आयता क्यू घ्या. डेटा बाहेर नेता येत नसेल किंवा रॅबिटएमक्यूच्या एक्स्चेंजचं (कोणता मेसेज कोणत्या क्यूत जायचा ते ठरवणाऱ्या भागाचं) बारीक राउटिंग हवं असेल, तर स्वतः चालवा. मात्र अपग्रेडसाठी वेळ राखून ठेवा. रॅबिटएमक्यू ४.० मध्ये जुने मिरर्ड क्यू (अनेक नोडवर प्रती ठेवायची आधीची पद्धत) काढूनच टाकले, त्यामुळे ३.x वर अजून ते वापरणाऱ्यांना आधी कोरम क्यूवर जावं लागतं.

आणि मिनिटाला पाच-दहाच कामं असतील तर हा वादच सोडा. पोस्टग्रेस डेटाबेसमधलं एक टेबल आणि 'स्किप लॉक्ड' (दुसऱ्याने धरलेल्या ओळी वगळायची सोय) पुरतं; आवृत्ती ९.५ पासून ते आहे.