रावेरखेडीची वाट आणि हँडलवरचा जीपीएस

बाजीरावांचा विषय निघाला की आमचे काका हळू आवाजात बोलायला लागतात. यंदा चैत्रातच त्यांनी मला सांगून ठेवलं, "२८ एप्रिलला रावेरखेडीला जाऊ. मोटारीने नको, तुझ्या बुलेटवर जाऊ. वाट नीट दिसते." इंदुरात जन्म गेला, पेशव्यांची समाधी शंभरएक किलोमीटरवर, आणि मी एकदाही गेलो नव्हतो. नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

काका जलसंसाधन विभागातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे माझ्या हँडलवरच्या जीपीएसकडे ते खेळणं म्हणून बघत नाहीत, यंत्र म्हणून बघतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण या प्रवासात दोनदा तरी त्यांच्यामुळे निभावलं.

आधी मीही फोनच लावायचो. २०२१ साली अ‍ॅपलने जाहीर सूचना काढली की मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलमधून सतत पोचत राहिली, तर कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. ते वाचलं आणि फोन खिशात गेला. बुलेटचं एकच सिलिंडर, त्याची थरथर हँडल धरणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. मग मोटारसायकलसाठीच बनवलेलं युनिट घेतलं. हातमोजे घालूनही चालणारा पडदा, उन्हातही वाचता येणारी अक्षरं, पाण्यापासून बचाव. नवं घ्यायची ऐपत नव्हती, वापरलेलं मिळालं.

दिवाळीनंतर ते कपाटातच पडून होतं. आदल्या दिवशी सकाळी काढून थेट गच्चीवर नेलं. हे प्रत्येकाने करावं. महिनोन् महिने बंद असलेल्या जीपीएसला आपण कुठे आहोत आणि कोणता उपग्रह कुठे असेल याचा अंदाज नसतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक आकाशातून पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. वीस हजार किलोमीटर वरून येणारा तो सिग्नल फार क्षीण असतो, छपराखाली बसून वाट बघण्यात अर्थ नाही. जागा सांगायला किमान चार उपग्रह लागतात. तीन असून भागत नाही, कारण युनिटमधलं घड्याळ उपग्रहावरच्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं आणि त्या चुकीचा हिशोब चौथ्याकडून होतो. काका तुळशीजवळ खुर्ची टाकून बसले होते. पडद्यावर एकेक पट्टी भरत गेली तसे मोजत गेले. "सात... आठ... बास, आता खाली चल."

रात्री समाधीची जागा भरायला घेतली. काकांच्या एका जुन्या सहकाऱ्याने अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दिले होते. मी आकडे जसेच्या तसे टाकले आणि ठिपका नर्मदेपासून लांब, भलत्याच बाजूला पडला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद दिव्याजवळ धरला.

"अरे, ही मिनिटं आहेत. तू दशांश समजून टाकलीस."

युनिट दशांश अंशांवर होतं आणि कागदावर अंश-मिनिटं होती. समजा एखादी जागा २२ अंश ३० मिनिटांवर आहे. एका अंशाची साठ मिनिटं, म्हणजे ती २२.५० झाली. तिथे २२.३० भरलं तर ०.२० अंशाची चूक, जमिनीवर जवळजवळ बावीस किलोमीटर. आपल्या देशात ही चूक कायम एकाच दिशेची होते, ठिपका दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकतो. काकांचा हा नियम मी पाठच करून टाकला. जुन्या टोपोशीटवरून आकडे उचलले तरी जागा थोडी सरकते हेही ते म्हणाले, कारण त्या नकाशांचा पाया एव्हरेस्ट नावाच्या सर्व्हेअरने पृथ्वीच्या आकाराचं जे गणित मांडलं त्याचा आहे आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गणिताचा. आकडे भरल्यावर ठिपका नदीपासून, गावापासून किती लांब पडतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी आता निघत नाही.

पहाटे पाचला निघालो. भंवरकुआँ, तेजाजी नगर, सिमरोल. पोहे परतताना खायचे असं ठरलं होतं. भेरूघाटाच्या आधीपासून चौपदरीकरणाचं काम चालू होतं. जरा पुढे गेलं की डायव्हर्शन, जरा पुढे गेलं की कच्चा तुकडा. नकाशात मात्र जुनाच रस्ता. आम्ही शंभर फूट बाजूला सरकलो की बाई कानात सांगायच्या, परत फिरा. आपोआप नवा मार्ग काढणं मी सेटिंगमधून बंद केलं. 'विचारून बदल' असा पर्याय असतो, तोच कायम ठेवावा. घाटात वळणावर असताना पडद्यावरचा मार्ग अचानक पालटला तर नजर तिकडे जाते, आणि तिथे नजर रस्त्यावरच हवी.

बलवाडा सोडलं आणि पडदा काळा झाला.

सोबत युनिटची बॅटरी होती, पण जुनी असल्याने ती तासभरसुद्धा तग धरत नव्हती. वीज गाडीकडूनच यायला हवी होती. बडवाहच्या अलीकडे कडुलिंबाखाली थांबलो, सीट काढली. हे वायरिंग मी एका दुकानात करून घेतलं होतं. बॅटरीपाशी फ्यूज होता, तो शाबूत. मग काका म्हणाले, "हँडल पूर्ण डावीकडे फिरव. आता उजवीकडे." उजवीकडे फिरवल्यावर पडदा क्षणभर उजळला. वायर हँडलच्या मानेपाशी झिप-टायने इतकी आवळलेली होती की प्रत्येक वळणाला ताणली जायची. वरचं प्लास्टिक तडकलं होतं आणि आतले तांब्याचे केस एकेक करून तुटले होते. शेवटचे चार-पाच उरले होते, तेवढ्यावर सगळं चाललं होतं. टाय कापला, तार सोलून पीळ दिला, वर इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळली, आणि या खेपेला मानेपाशी बोटभर ढील सोडली. दोन्ही बाजूंना हँडल पूर्ण फिरवून पाहिलं.

वायरिंग करून घेणाऱ्याने एवढं तरी स्वतः उभं राहून पाहावं: फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, दोन अँपिअरचा पुरतो. वीज किल्ली फिरवल्यावरच मिळायला हवी, नाहीतर रात्रभर युनिट गाडीची बॅटरी पीत बसतं. आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली जातं, म्हणून आधी गाडी सुरू करावी आणि मग युनिट क्रेडलमध्ये, म्हणजे हँडलवरच्या त्याच्या खोबणीत, बसवावं.

मोरटक्क्याच्या पुलावर गाडी हळू केली. एप्रिलची नर्मदा, मधे खडक उघडे पडलेले, पाणी हिरवट. काकांनी मागून हात जोडले असावेत, कारण माझ्या खांद्यावरचा हात निघाला. सनावदला चहा. चहाला उतरलो की युनिट काढून खिशात घालतो. चोरीची भीती असतेच, पण त्याहून क्रेडलच्या पिना झाकायच्या असतात. त्या पितळी पिनांवर घामाचा, धुळीचा, पावसाचा थर बसला की आधी चार्जिंग अडखळतं आणि मग थांबतं. मी महिन्यातून एकदा मऊ खोडरबराने त्या पुसतो. गाडी धुतानाही क्रेडलवर रबरी टोपी असायलाच हवी. युनिट मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतं असं खोक्यावर लिहिलेलं असतं, ते खरं आहे, पण ते उभ्या पाण्याचं. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाचा फवारा त्या कसोटीत येत नाही.

बेडियाची मिरची प्रसिद्ध आहे. गावातून जाताना नाकाला ते कळलंच. तिथून पुढे युनिटने शेताच्या बांधावरून जाणारी गाडीवाट दाखवली. मी 'सर्वात जवळचा मार्ग' निवडलेला होता, हे तिथे लक्षात आलं. वाट काळ्या मातीची, उन्हाने भेगाळलेली, मागे सदुसष्ट वर्षांचे काका. कापसाच्या काड्या गोळा करणाऱ्या एका माणसाला विचारलं. त्याने पडद्याकडे बघितलंही नाही. "समाधि? पक्की सड़क पकड़ो भैया। आगे पीपल आएगा, वहाँ से उल्टे हाथ।" इकडे उल्टा हात म्हणजे डावा. मी तो पिंपळ नकाशात खूण म्हणून टाकून घेतला. गावरस्त्यांना 'जलद मार्ग' ठेवावा आणि कच्चे रस्ते टाळायची खूण करून ठेवावी, हे त्या दिवसापासून माझं पक्कं.

साडेआठला पोचलो. दगडी आवार, आत समाधी, पलीकडे नर्मदा. १७४० साली याच दिवशी, वयाच्या चाळिशीच्याही आत बाजीराव इथे गेले. दिल्लीपर्यंत धडक मारलेला माणूस असल्याच उन्हात, तापाने. काकांनी चपला बाहेर काढल्या, तापलेल्या फरशीवर तसेच उभे राहिले. पुण्यतिथीला आलेली बरीच मराठी माणसं होती. कुणी इंदूरची, कुणी खंडव्याची, एक कुटुंब थेट पुण्याहून. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

परतीला अकरा वाजले आणि निमाडचं ऊन काय असतं ते कळलं. सनावदच्या अलीकडे युनिटवर तापमानाची खूण आली, पडदा मंद झाला, चार्जिंग बंद पडलं. काळं प्लास्टिक, वर ऊन, खाली इंजिनाची धग. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून युनिट स्वतःच ते थांबवतं. त्याच्याशी झगडू नये. काढून सावलीत ठेवावं, निवू द्यावं, वर गार पाणी ओतू नये. मी ते ओल्या गमछाच्या शेजारी ठेवलं, गमछात गुंडाळलं नाही. रस्ता आता ओळखीचा होता. पोहे राहिले ते राहिलेच, दुपारी एकला घरी पोचलो.

संध्याकाळी साफसफाई. पडद्यावरची काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली तर ओरखडेच उठतात. आधी ओल्या, पिळलेल्या मऊ कापडाने नुसतं टिपायचं आणि मग पुसायचं. माउंटच्या रबरी गोळ्याचा स्क्रू सैल झाला होता, तो आवळला. दुसऱ्या दिवशी मानेपाशी नवी वायर टाकली, पीळ दिलेली काढून टाकली.

समाधीपाशी मी युनिट आवाराच्या दारात पाच मिनिटं स्थिर धरून जागेची खूण केली होती. बरीच मोजमापं घेऊन त्यांची सरासरी काढायची सोय त्यात असते. काकांनी आपली जुनी फील्डबुक काढली, पेन्सिलीला टोक केलं. मी दशांश वाचत गेलो आणि ते तोंडाने साठने गुणत अंश, मिनिटं, सेकंद लिहीत गेले. खाली लिहिलं, 'रावेरखेडी, दार', आणि पुढच्या ओळीत, 'पिंपळाशी डावीकडे'.