बारा पॉइंट नकोत

माथेरान, मंगळवार, डिसेंबर

हॉटेलच्या फाटकाशी घोडेवाला उभाच होता. "साहेब, बारा पॉइंट. दोन तासांत सगळं माथेरान दाखवतो." आत्या त्याला म्हणाली, "दोन तासांत सगळं संपलं, तर उरलेला दिवस आम्ही करायचं काय रे?" तो मनापासून हसला, घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि आमचा नाद सोडून मागून येणाऱ्या कुटुंबाकडे वळला.

आत्या सत्तरीच्या पुढची. एका गुडघ्याला पट्टा, हातात छत्री. ऊन असो नसो, छत्री काठी म्हणून लागते. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी गेली. तिच्याबरोबर फिरायचं म्हटलं की वेगाचा प्रश्न आपोआप मिटतो, दर वीस पावलांवर एखादं झाड तिला थांबवतंच. मला तेच हवं होतं. ऑफिसचा फोन खोलीत ठेवला होता. हे इथे लिहिलं अशासाठी की ऑफिसातलं कुणी वाचत असेल तर त्यांनाही कळावं.

बाजार मागे टाकून अलेक्झांडर पॉइंटच्या रस्त्याला लागलो. इथे 'रस्ता' म्हणजे लाल माती. मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे येत नाहीत, आणि २००३ पासून हा सगळा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. तरी अलीकडे मुख्य रस्त्यावर मातीचे ब्लॉक बसवलेत आणि त्यावरून ई-रिक्षा धावतात. आत्याला ते पसंत नाही. मला आहे. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी, शाळेच्या पोरांनी रोज किती चालायचं? यावर आमचं थोडं वाजलं. पण मुख्य रस्ता सुटून पायाखाली खरी माती आली तेव्हा दोघंही गप्प झालो. पावसाने माती धुऊन नेलीय आणि झाडांची मुळं वर आलीत, उताराला त्यांच्याच पायऱ्या झाल्यात. मुळांवर पाय ठेवला की बूट सटकतो, दोन मुळांच्या मधल्या मातीवर ठेवला तर नाही. हे आत्याने सांगितलं आणि दिवसभर उपयोगी पडलं.

अंजनीची झाडं सगळीकडे. आत्या एका झाडापाशी थांबली, पान तोडलं नाही, नुसतं उलटं करून दाखवलं. जाड, चामड्यासारखं, शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. "आठशे मीटरवर चार महिने पाऊस झोडपणार, मग आठ महिने वारा आणि कोरड. लेचंपेचं पान इथे टिकेल का?" मी म्हटलं, परीक्षेला येणार का हे? छत्रीचं टोक पोटरीला बसलं. पुढे एका बेचक्यात काटक्यापानांचा मोठा गोळा दिसला, शेकरूचं घरटं. मालक घरी नव्हता किंवा बाहेर यायच्या मनःस्थितीत नव्हता. शिपाई बुलबुल मात्र भरपूर होते, अखंड बडबड चालली होती. माकडांबद्दल लिहीत नाही. त्यांनी आमची बिस्किटं नेली, विषय संपला.

रामबाग पॉइंटला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले असतील. पूर्वेला गार्बट पॉइंटची सोंड, तिच्यामागे घाटाची धुरकट भिंत. आणखी कुणी नव्हतं. आत्याने पट्टा सैल केला, दगडावर बसली. आणि कड्याच्या खालून, जिथून माणूस येईल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं तिथून, एक बाई वर आली. आधी डोक्यावरची पाटी दिसली, मग ती. पाटीत वालाच्या शेंगा आणि आवळे, वर ओलं फडकं. पायात झिजलेल्या रबरी चपला. धाप लागलेली नव्हती. तिने पाटी उतरवली, पदराने मान पुसली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "बसलाव?"

आत्याने लगेच आवळे घेतले. भाव केला नाही, मी तिच्याकडे बघतच राहिलो, कारण बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून ती मागे हटत नाही. बाई खालच्या एका वाडीतली. पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूने ही वाट चढते, उजाडायच्या आधी निघाली होती. आधी सासू यायची, आता ती येते. बाजारात पाटी रिकामी झाली की याच वाटेने खाली. पावसात? "पावसातपण. तवा रानभाजी आणतो." वाट कठीण आहे का, असं आत्याने विचारलं. बाईने आधी आत्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग छत्रीकडे. "वाट बरी हाय. पण तुमी सावकाश." पाटी डोक्यावर चढवायला मी हात लावला, तर वजनाने माझा खांदा खाली आला. ती मात्र छोटी छोटी पावलं टाकत, मान जराही न हलवता झाडीत गेली.

पुढचा तासभर माझ्या डोक्यात तेच होतं. माथेरान 'शोधलं' ते ह्यू मॅलेटने, मे १८५० मध्ये, असं प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं. ठाण्याचा कलेक्टर, चौकला मुक्कामाला होता, डोंगर आवडला, चढून वर आला, आणि उतरला तो याच रामबागच्या बाजूने. पण हातापायाने कडा फोडत तर आला नाही ना? वाट होती म्हणून आला. ती कुणी पाडली, हे माहितीपत्रकात नसतं. नंतर बंगले झाले, कड्यांना साहेबांची आणि मडमांची नावं मिळाली. १९०७ साली नेरळहून दोन फुटी रुळांवर झुकझुक गाडी आली, आणि आम्ही वरून येऊन खाली बघणारे झालो. आमच्या दृष्टीने कड्यापाशी माथेरान संपतं. कठडा, फोटो, मागे फिरा. त्या बाईचा तो घराचा उंबरा आहे. सनसेट पॉइंटवरूनही अशीच एक वाट खाली धोदाणीला उतरते. वन ट्री हिलच्या खाचेतूनही एक उतरते, तिला शिवाजी लॅडर म्हणतात. घोडेवाल्याच्या बारा पॉइंटांत हे बसत नाही. त्याचा दोष नाही, त्याचं गिऱ्हाईक मीच आहे.

वन ट्री हिलपाशी आवळे मीठ लावून खाल्ले. मिठाची पुडी आत्याच्या पर्समध्ये कायम असते. समोर इर्शाळगडाचा सुळका, खाली मोरबे धरणाचं पाणी. आमच्या वाशीच्या नळाला येतं ते हेच, आणि ते या उंचीवरून बघताना विचित्रच वाटतं. इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीने गाडली. आत्या त्या बाजूला बराच वेळ बघत होती. "तीही अशीच माणसं असणार," एवढंच म्हणाली. आम्ही उठलो.

परतताना पश्चिमेची बाजू धरली. शार्लोट तलावापर्यंतची वाट दिवसातली सगळ्यात सोपी. सपाट, सावलीची, दुतर्फा बंद बंगले. फाटकांच्या दगडी खांबांवर जुनी पारशी नावं, आत पाचोळ्याचा ढीग आणि एखादा माळी. तलावाच्या बांधावर मुंबईच्या कॉलेजातल्या पोरांचा घोळका मॅगी खात बसला होता. तलावाचं पाणी गावाला प्यायला जातं, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असताना एक जण त्यात चूळ भरत होता. आत्याने त्याला 'बाळ' म्हणून हाक मारली. ज्या सुरात मारली, त्या सुराने मीसुद्धा सरळ उभा राहिलो. पोरगा सॉरी म्हणाला, शिवाय आम्हाला बसायला जागा करून दिली. पिसारनाथाच्या देवळात दोन मिनिटं टेकलो. लुईझा पॉइंट तिथून फार लांब नव्हता, प्रबळगड छान दिसला असता. पण गुडघ्याने नाही म्हटलं, आणि सकाळपासून ठरलंच होतं की तो म्हणेल ते ऐकायचं.

संध्याकाळी बाजारात चिक्की घेतली, शेजाऱ्यांसाठी. न नेली तर वर्षभर ऐकावं लागतं. कोपऱ्यावर एक हातरिक्षा टेकवून ठेवली होती, तिच्या दांड्यावर रिक्षावाला बसलेला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा असं सांगितलं. आत्या विचारत होती, ई-रिक्षा मिळणार का तुम्हाला? "बघू, मिळाली तर," तो म्हणाला आणि तिच्या गुडघ्याकडे बोट दाखवून, "आत्ता सोडू का हॉटेलवर?" ती म्हणाली, चालत जाते. वाकून त्याच्या हातात चिक्कीचा एक पुडा ठेवला. आता शेजाऱ्यांना एक कमी.

जेवताना तिने बॉम्ब टाकला. उद्या रामबागची वाट उतरायची, चौकपर्यंत, आणि तिथून मिळेल त्या गाडीने घरी. मी गुडघा म्हणालो, बॅगा म्हणालो, हॉटेलचे पैसे आगाऊ भरलेत म्हणालो. ती वरणभात कालवत राहिली. "ती बाई सावकाश म्हणाली, नको नाही म्हणाली." बऱ्याच घासाघिशीनंतर तडजोड झाली. पहिलं वळण येईल तिथपर्यंत उतरायचं आणि परत वर यायचं. यावर ती "बघू" म्हणालीय. पट्टा धुऊन खिडकीत वाळत घातलाय, आणि छत्री दाराशी आहे.